आवाजाचं चित्र माझ्यावर चिकटत नाही

मित्रांनो, मी फळा आहे, पण आजवर माझ्यावर कोणी खडू चालवलेला नाही. पाढे नाहीत, शुद्धलेखन नाही, आणि दंगा करणाऱ्यांची नावंही नाहीत. माझ्या अंगावर निळं फ्लॅनेल आहे. फ्लॅनेल म्हणजे तान्ह्या बाळांची दुपटी शिवतात ते मऊ, लव असलेलं कापड. कागदी चित्रांच्या पाठीला खरखरीत पॉलिशपेपरचा तुकडा चिकटवला की तो माझ्या लवेला धरून बसतो आणि चित्र माझ्यावर उभं राहतं. पॉलिशपेपर लागला की मला गुदगुल्या होतात. अजूनही होतात.

माझा जन्म बाईंच्या घरात झाला. बाई म्हणजे चर्चमध्ये रविवारी मुलांना बायबलच्या गोष्टी शिकवणाऱ्या बाई. आठवडाभर त्या घरी मशीनवर शाळेचे गणवेश शिवत. मोडक्या कपाटाची पाठ कापून त्यांच्या नवऱ्याने माझा सांगाडा केला. खिळे ठोकताना त्यांचा अंगठा ठेचला, तेव्हा ते कळवळून म्हणाले, "देवाचंच काम करतोय ना मी? मग देवाने जरा लक्ष द्यायला नको?"

"देवाचं लक्ष होतं. तुमचं नव्हतं," बाई म्हणाल्या आणि हळद शोधायला उठल्या.

फ्लॅनेल त्यांच्या थोरल्या मुलाच्या दुपट्याचं होतं. ते माझ्यावर ताणून बसवण्याआधी बाईंनी एकदा गालाला लावलं. कितीतरी मोठमोठे फळे कारखान्यात तयार होतात, पण त्यांतल्या एकालाही कोणी आधी गालाला लावलं नसेल. मी त्याबद्दल आजही आभारी आहे.

चर्चच्या बाजूच्या खोलीत मला खिडकीसमोर टांगलं. लांब बाक, डांबरगोळ्यांचा वास येणारं कपाट, आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांची अर्धी डोकी दाखवणारी खिडकी. तिथे मी काय काय पाहिलं म्हणून सांगू! माझ्यावर समुद्र दुभंगले, भिंती कोसळल्या, मेलेली मुलगी उठून जेवायला बसली. चित्रं तशी मोजकीच होती, त्यामुळे दाढीवाल्या आजोबांना फार काम पडायचं. अंगरखा बदलला की ते महापुरात तारू, म्हणजे मोठी नाव, हाकणारे नोहा, काठी दिली की डोंगर चढणारे मोशे.

"बाई, हे तर मागच्या रविवारी तारवात होते!" कोणीतरी ओरडायचं.

"हो. पाऊस थांबला म्हणून डोंगर चढायला निघालेत," बाई म्हणायच्या आणि पुढची गोष्ट सुरू करायच्या.

मुलं प्रश्न विचारायची ते मला सर्वांत आवडायचं. योना माशाच्या पोटात होता, तेव्हा त्याला मासा काय खातोय ते दिसत होतं का? जक्कय झाडावर चढला, पण तो इतका बुटका, तर उतरला कसा? बाई हसायच्या, पण प्रश्न कधी झटकून टाकायच्या नाहीत. एकदा येशूने पाच भाकरींत हजारो लोकांना जेवू घातलं ती गोष्ट चालली होती. सगळे लोक पोटभर जेवले आणि टोपल्या भरून तुकडे उरले, असं बाई सांगत होत्या, तेवढ्यात बेकरीवाल्याची मुलगी उभी राहिली.

"उरलेल्याचं काय केलं? आमच्याकडे पाव उरला की पप्पा टोस्ट करतात."

सगळा वर्ग हसला आणि त्या दिवसापासून तिचं नावच टोस्ट पडलं. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तुझा प्रश्न येशूलाही पडला असणार. कारण काही वाया जाऊ नये म्हणून तुकडे गोळा करा, असं त्यानेच सांगितलं. तुझे पप्पा त्याचंच ऐकतात." टोस्ट इतकी फुगली की बाकावर तिच्या शेजारी बसलेल्याला सरकावं लागलं.

बाईंची एक पद्धत होती. गोष्ट ऐन रंगात आली की त्या थांबायच्या. दावीदची गोफण हवेत फिरतेय, राक्षसाएवढा गल्याथ समोर उभा आहे, आणि बाई म्हणणार, "पुढचं पुढच्या रविवारी!" पोरं "अंऽऽ" करून रडकुंडीला यायची. बाई चित्रं माझ्यावरून काढायच्याच नाहीत. आठवडाभर गोफण हवेतच. शाळेतून घरी जाताना मुलं खिडकीतून डोकावून खात्री करायची की दगड अजून सुटलेला नाही ना. रविवारी वर्ग असा भरायचा की खिडकीच्या कट्ट्यावरही पोरं बसलेली. चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, एकदा म्हणाले होते, "बाई, तुमच्याकडे पोरं धावत येतात. माझ्या उपदेशाला मोठी माणसं चालतसुद्धा येत नाहीत. मीही मधेच थांबून बघू का?"

"तुम्ही थांबलात तर लोक आभार मानतील," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, स्तुती गोड लागते. मलाही लागली. पण एका रविवारी याच पद्धतीने एका मुलीचं घर हललं, आणि ते सांगण्यासाठीच मी आज बोलतो आहे.

त्या रविवारी अब्राहाम आणि इसहाकची गोष्ट होती. देवाने अब्राहामाला सांगितलं की तुझा एकुलता एक लाडका मुलगा घेऊन डोंगरावर जा आणि त्याचा मला बळी दे. बाईंनी माझ्यावर डोंगर आणि त्याच्या कडेला झुडूप लावलं. मुलाच्या पाठीवर लाकडं दिली, आजोबांच्या एका हातात विस्तवाचं भांडं आणि दुसऱ्या हातात सुरी. मग वेदी, म्हणजे बळी द्यायचा दगडांचा ओटा. मग लाकडांवर मुलगा. बाईंच्या कडेवर त्यांची धाकटी होती, ती किरकिर करत होती. बाईंनी आजोबांचा सुरीचा हात वर केला, आणि पाळकसाहेबांची उपासनेची घंटा वाजली.

"पुढचं पुढच्या रविवारी!"

सगळी पोरं "अंऽऽ" करून दाराकडे पळाली. एकटी टोस्ट मागे राहिली. ती माझ्या इतक्या जवळ आली की तिचा श्वास माझ्या लवेला लागला. तिने आधी लाकडं पाहिली, मग विस्तव, मग सुरी. तिला काहीतरी विचारायचं होतं. तिचे ओठ हललेही. पण बाई धाकटीला थोपटत बाहेर निघाल्या होत्या. टोस्टने दाराकडे पाहिलं, तोंड मिटलं आणि निघून गेली. आठवडाभर बाकीची मुलं खिडकीतून डोकावत राहिली. टोस्ट एकदाही आली नाही.

शनिवारी दुपारी बाई खोली झाडायला आल्या. पाठोपाठ दारात बेकरीवाले उभे. कोपरापर्यंत पीठ, चेहरा उतरलेला.

"बाई, एक विचारू? रागावू नका."

"विचारा ना, भाऊ."

"माझ्याबद्दल आमच्या पोरीला तुम्ही काय सांगितलंत?"

"तुमच्याबद्दल? काहीच नाही! का हो, काय झालं?"

"आठवडा झाला, माझ्या जवळ येत नाही. भट्टीसाठी लाकडं आणायला मी शनिवारी वखारीत जातो, ती नेहमी बरोबर असते. येताना छोटी मोळी हट्टाने स्वतः उचलते. आज म्हटलं, चल राणी, तर पलंगाखाली जाऊन बसली. काल पाव कापायला सुरी घेतली तर अशी किंचाळली की दुकानातलं गिऱ्हाईक पाव टाकून गेलं. तिची आई मला विचारते, तुम्ही मारलंत का हो तिला? अहो, मी? मी पीठसुद्धा हलक्या हाताने मळतो!"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. बेकरीवाल्यांनीही पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"लाकडं, विस्तव, सुरी," ते हळूच म्हणाले. "बाई, हे तर माझं दुकान आहे."

बाईंच्या हातातला झाडू भिंतीला टेकून खाली घसरला. "कुठे आहे ती?"

"बाहेर. आईजवळ. मी आत आलो म्हणून ती येत नाही."

बाईंनी त्यांना मागच्या बाकावर बसवलं आणि मायलेकींना आत बोलावलं. टोस्ट आईला चिकटून दारातच थांबली. बाईंनी घाईघाईने डबा उघडला, मेंढ्याचं चित्र काढून माझ्यावरच्या झुडपात लावलं, आजोबांच्या हातातली सुरी काढून टाकली.

"हे बघ, बाळा! झुडपात शिंगं अडकलेला मेंढा सापडला. मुलाच्या जागी मेंढा. मुलगा वाचला. झाली गोष्ट!"

टोस्टने मेंढ्याकडे पाहिलं. "आणि मेंढा सापडला नसता तर?"

"पण सापडला ना!"

"त्याची शिंगं अडकली म्हणून सापडला. नसती अडकली तर?"

"अगं, ती देवाने घेतलेली परीक्षा होती..."

"परीक्षेत सुरी असते?"

बाईंनी हातातली कागदी सुरी डब्यात टाकली. मग टोस्ट अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मी पण एकुलती एक आहे. आणि पप्पा देवाचं सगळं ऐकतात. तुम्हीच म्हणालात."

बेकरीवाले एकदम उठले. टोस्ट तितक्याच चटकन आईच्या मागे गेली. ते जसे उठले तसे पुन्हा खाली बसले, अगदी हळू. मित्रांनो, मी माझ्यावर पुष्कळ दुःखं पाहिली आहेत, पण ती कागदाची होती. माणसाचं असं बसणं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

बाई फरशीवर मांडी घालून बसल्या. "टोस्ट, मला याचं उत्तर लगेच येत नाही. खरं सांगू? आई झाल्यापासून मला या गोष्टीची भीतीच वाटते. त्या दिवशी घंटा वाजली तेव्हा मला बरं वाटलं. मी सुरी हवेत ठेवून पळाले, आणि तू ती घरी घेऊन गेलीस. चूक माझी आहे. तुझी नाही, पप्पांची तर नाहीच नाही. आता आपण पुस्तकात काय आहे ते सावकाश वाचू. मी नेहमी पाठ असलेलं सांगते, आणि पाठ सांगताना माणूस मागचं पुढे करतो."

त्यांनी बायबल उघडलं आणि ओळीखाली बोट ठेवून वाचू लागल्या. चढावर इसहाकने वडिलांना विचारलं की लाकडं आहेत, विस्तव आहे, मग कोकरू कुठे आहे, तिथे टोस्टने मान बाहेर काढली.

"त्याने विचारलं?"

"विचारलं. त्यालाही तुझ्यासारखाच प्रश्न पडला. आणि वडील रागावले नाहीत. म्हणाले, कोकराचं देव बघेल."

टोस्ट एक पाऊल आत आली. बाई पुढे वाचू लागल्या. वेदी झाली. हात वर गेला. आणि बाई थांबल्या. तीच ओळ त्यांनी परत मनात वाचली, ओठ हलवत.

"अगंबाई!" त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मी उलटं लावत आले!"

"काय उलटं?" टोस्टच्या आईने विचारलं.

"मी आधी मेंढा लावते आणि मग सुरी काढते. पण इथे तसं नाहीच. आधी आकाशातून हाक येते, मुलाला हात लावू नकोस. हात तिथेच थांबतो. त्यानंतर अब्राहाम नजर वर करून बघतो, तेव्हा कुठे त्याला मेंढा दिसतो."

मला मात्र चूक कशी झाली ते लगेच कळलं. मेंढ्याला पाय होते, शिंगं होती, पाठीला पॉलिशपेपर होता. हाकेचं चित्र कोणी कापणार कसं? आवाज माझ्यावर चिकटत नाही. म्हणून बिचाऱ्या मुलांना इतकी वर्षं वाटत राहिलं की इसहाकला मेंढ्याने वाचवलं.

टोस्ट आता बाईंच्या समोर येऊन बसली होती. "म्हणजे मेंढा नसताच, तरी?"

"तरी हात थांबलाच होता. मेंढ्याने नाही गं, हाकेने वाचवलं त्याला. आणि बघ, इथे नाव दोनदा आहे. अब्राहामा, अब्राहामा. आपण लागोपाठ दोनदा हाक कधी मारतो?"

टोस्टची आई पटकन बोलून गेली, "ही भट्टीच्या उघड्या दाराजवळ गेली की हे मारतात. राणी! राणी! आख्खी गल्ली दचकते."

टोस्टने मान वळवून बाकाकडे पाहिलं. आठवडाभरात पहिल्यांदाच.

"मग देव घाबरला होता?" तिने विचारलं.

बाईंनी ओळीवरून पुन्हा बोट फिरवलं. "ते लिहिलेलं नाही. पण घाई होती एवढं नक्की. क्षणभरही उशीर चालणार नव्हता."

"मग आधी सांगितलंच कशाला?"

"ते मला पूर्ण कळलेलं नाही, बाळा. एवढं माहीत आहे की त्या काळी आजूबाजूच्या लोकांना वाटायचं, देवाला आपलं लाडकं मूल हवं असतं. त्यांना थांबवणारं कोणी नव्हतं. अब्राहामाला देवाने थांबवलं. आणि पुढे याच पुस्तकात देवाचा निरोप आणणाऱ्या एका संदेष्ट्याच्या तोंडून देव स्वच्छ सांगतो की लोकांनी मुलं आगीत टाकली, ते मी सांगितलं नव्हतं, माझ्या मनातही आलं नव्हतं. बाकीचं मी पाळकसाहेबांना विचारते. त्यांनाही नाही आलं, तर आपण सगळे मिळून देवालाच विचारू. तो प्रश्नांना रागावत नाही."

टोस्टने गुडघ्यावरची खपली खरवडली. मग बाकाकडे न बघताच म्हणाली, "पप्पा, तुम्हाला कोणी सांगितलं तर?"

बेकरीवाले या वेळी उठले नाहीत. तळहातावरचं वाळलेलं पीठ चोळत म्हणाले, "कोणी येऊन म्हणालं, मी देव आहे, तुझी पोरगी घेऊन ये, तर मी म्हणेन, साहेब, तुमचा पत्ता चुकलाय. माझा देव पोरांना वाचवायला दोनदा ओरडतो. तुमचा आवाज त्याचा नाही."

"त्याला साहेब म्हणाल?"

"मग! दुकानदार माणूस मी. सगळ्यांनाच साहेब म्हणतो."

टोस्ट हसली. अगदी थोडं, पण मी पाहिलं.

"आता तू लाव चित्रं," बाई म्हणाल्या. "पुस्तकात आहेत तशी."

टोस्ट माझ्यासमोर उभी राहिली. तिने मेंढा काढून डब्यात ठेवला. झुडूप रिकामं झालं. मग सुरी उचलली. ती तिने दोन बोटांच्या टोकांत, अंगापासून लांब धरली. तिने सुरी आजोबांच्या हातात दिली, हात वर केला आणि मागे वळली.

"पप्पा, हाक मारा."

"मी?"

"तुम्हीच मारा. दोनदा."

बेकरीवाले उभे राहिले, त्यांनी छाती भरून श्वास घेतला, आणि भट्टीचं दार उघडं असतं तेव्हाचा आवाज काढला.

"अब्राहामा! अब्राहामा!"

कौलांवरची कबुतरं उडाली. माझी खुंटी हलली. बाहेरून पाळकसाहेब "काय झालं, काय झालं" करत धावत आले. टोस्टने सुरी काढली. मग, काही घाई न करता, डब्यातून मेंढा काढला आणि झुडपात लावला. एक पाऊल मागे जाऊन तिने सगळं नीट पाहिलं. मग बाकापाशी गेली आणि पप्पांच्या पिठाळलेल्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "वखार बंद झाली असेल का?"

"आपण दोघं गेलो तर उघडतील," ते म्हणाले. त्यांचा आवाज आता अजिबात मोठा नव्हता.

मित्रांनो, दुसऱ्या दिवशी ती गोष्ट साऱ्या वर्गापुढे पूर्ण झाली आणि हाक मारायला बेकरीवालेच आले. त्यानंतरही बाईंच्या गोष्टी रंगायच्या, पण सुरी हवेत ठेवून कोणाला घरी पाठवलं नाही. दार उघडण्याआधी त्या विचारायच्या, "कोणाच्या पोटात काही राहिलंय का?" मग एखादा हात हळूच वर यायचा. कित्येकदा बाईंचं उत्तर "मला माहीत नाही" असंच असायचं. तरी ती मुलं हलक्या पावलांनी घरी जायची.

पुढे खोलीत मोठा पडदा आला. त्यावर समुद्र खरोखर हलतो आणि हाकही ऐकू येते. मला कपाटामागे ठेवलं. धूळ बसली, एक कोपरा उंदरांनी कुरतडला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मग कोणाला तरी शिशुवर्गासाठी माझी आठवण झाली. आता लहानगी पोरं माझ्यावर मेंढरं उलटी लावतात, तारवाच्या छपरावर मासे लावतात, आणि मला गुदगुल्या होतात. ज्याच्या अंगावर इतकी बोटं फिरली, त्याने आणखी काय मागायचं?

तरी एक मागतो. माझी लव ओल्या फडक्याने पुसू नका, मऊ ब्रशने झटका. मी अजून पुष्कळ वर्षं टिकेन. आणि मोठ्यांनो, मुलांना अर्धी गोष्ट देऊन घाईने निघू नका. पवित्र पुस्तकातलं वाचून तुम्हाला भीती वाटली, मित्रांनो, तर ती पोटात घेऊन घरी जाऊ नका. जवळच्या माणसाचा हात धरा आणि विचारा. त्याला उत्तर आलं नाही तर दोघं मिळून ओळीखाली बोट ठेवून पुन्हा वाचा. माझ्यावर चिकटणार नाही असं पुष्कळ काही तिथे लिहिलेलं आहे, आणि ते ऐकू यायला कोणीतरी मोठ्याने वाचणारं माणूस शेजारी लागतं.